चालणारे दगड आणि दहा पदरी टायर

कॅलिफोर्नियाचे नाव काढले की आपल्या लोकांना समुद्रकिनारा, सिनेमा आणि संगणक एवढेच आठवते. पण त्याच राज्याच्या पूर्वेच्या कडेला, नेवाडाच्या हद्दीला खेटून, डेथ व्हॅली नावाचे एक वाळवंट आहे, आणि नावाप्रमाणेच ते पाहुण्याला फारशा आग्रहाने बोलावीत नाही. बॅडवॉटर नावाच्या ठिकाणी तिथली जमीन समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली जाते. जगातले नोंदलेले सर्वांत मोठे तापमानही याच खोऱ्यातले. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीक येथे पारा ५६.७ अंश सेल्सिअसवर गेला होता. आमचे चंद्रपूरचे व्याही दर मे महिन्यात आपल्या गावच्या उन्हाचे पोवाडे गातात. हा आकडा मी त्यांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली.

या खोऱ्याच्या वायव्येस, डोंगरांच्या ओंजळीत, ११३० मीटर उंचीवर एका जुन्या तळ्याचा आटलेला तळ आहे. त्याचे नाव रेसट्रॅक प्लाया. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर, रुंदी दोन किलोमीटर, आणि सपाटी अशी की नुकत्याच सारवलेल्या अंगणाला लाज वाटावी. या अंगणात दगड चालतात! चालताना त्यांना कोणी पाहत नाही. पण मागे त्यांनी ओढत नेलेली चाकोरी दिसते, कुठे सरळ, कुठे नागमोडी, कुठे काटकोनात वळलेली. काही चाकोऱ्या शेकडो फूट लांब. १९४८ सालापासून भूगर्भशास्त्रज्ञ या दगडांच्या मागे लागले होते. १९६८ पासून सात वर्षे दोघा संशोधकांनी तीस दगडांना खुणा करून त्यांना नावे ठेवली आणि दरवर्षी जाऊन कोण कुठवर गेले याची हजेरी घेतली. नावे बहुतेक बायकांची होती. सर्वांत वजनदार दगडाचे नाव कॅरन ठेवले होते, यावर आमच्या सौ.ने जे मत दिले ते इथे देत नाही.

या दगडांचे वेड आमच्या घरात मला नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीला. आक्का सांगलीच्या एका शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवीत होती. ‘वाऱ्याचे कार्य’ हा धडा आला की पुस्तकात नसलेली ही गोष्ट ती मुलांना सांगायची, आणि शेवटी म्हणायची, “हे कोडं अजून सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी सोडवलंत तर मला पत्र टाका.” पत्र आले नाही. ती निवृत्त झाली, आणि त्यानंतर २०१४ साली कोडे परस्पर सुटले. ही बातमी वाचून आक्का दोन दिवस गप्प होती. तेव्हापासून तिचे एकच म्हणणे : दगड एकदा डोळ्यांनी पाहायचे आहेत.

तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, फ्रीमाँटला असतो. तेव्हा कॅलिफोर्निया गाठणे अवघड नव्हते. अवघड होते ते शेवटचे सत्तावीस मैल. उबेहेबे नावाच्या ज्वालामुखीच्या विवरापाशी डांबरी रस्ता संपतो आणि तिथून रेसट्रॅकपर्यंत जो रस्ता जातो त्याची कीर्ती मोठी आहे. पन्हळी पत्रा आडवा टाकून त्यावर धारदार खडी पसरावी, तसा तो. राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी स्वतःच बजावतात, की इथे टायर फुटणे ही नित्याची गोष्ट आहे, पूर्ण आकाराची हवा भरलेली स्टेपनी घेतल्याशिवाय येऊ नका, मोबाइलला इथे रेंज नाही. बंद पडलेली गाडी ओढून आणायचा खर्च हजार डॉलरांच्या पुढे जातो. आणि आक्काचे वय चौऱ्याहत्तर, कमरेचे दोन मणके झिजलेले. डॉक्टरांनी लिहून दिले होते, धक्के टाळा. सूनबाईंनी तो कागद लोहचुंबकाने फ्रिजवर डकवून ठेवला होता.

भाच्याकडे पिकअप आहे, २०१९ सालची टोयोटा टॅकोमा. ज्यांनी ही जात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : पुढून चार दारांची घरची मोटार, मागून टेम्पोचा उघडा हौदा. अमेरिकेत हिला ‘मध्यम आकाराची’ म्हणतात. लांबी साडेपाच मीटरला थोडी कमी. आमच्या सदाशिव पेठेत ही मध्यम बाई शिरली तर दोन्ही अंगच्या सायकली आपोआप घरात जातील. तिचा भाऊबंद हायलक्स या नावाने जगभर हिंडतो, २०२२ पासून आपल्याकडेही विकला जातो.

सूनबाईंनी अट घातली होती. गाडी आधी त्या रस्त्याच्या लायकीची करा, मग आईंना न्या. आणि खर्च तीन हजार डॉलरांच्या वर जाता कामा नये. भाच्याला तेवढेच हवे होते. त्याने दुसऱ्या दिवशी एक यादी काढली. गाडी तीन इंच उचलायची, तेहतीस इंची टायर घालायचे, पुढे पोलादी बंपर, बंपरात विंच, म्हणजे गाडी खड्ड्यातून ओढून काढायचे यांत्रिक रहाट, टपावर तंबू आणि तंबूच्या वर दिव्यांची एक माळ. चित्रात ती गाडी फार रुबाबदार दिसत होती. गणपतीच्या मिरवणुकीत पहिल्या नंबराने गेली असती.

एका रविवारी आम्ही हेवर्डच्या एका गॅरेजात गेलो. मालक मेक्सिकोचा, साठीचा, हात काळे आणि बोलणे मोजके. यादी त्याने चष्मा वर करून वाचली आणि खिशात घातली. मग त्याने विचारले : जायचे कुठे? माणसे किती? आणि सोमवारी ऑफिसला कोणती गाडी नेतोस? भाच्याने उत्तरे दिली. आक्काच्या कमरेची हकीकतही सांगितली. म्हातारा आक्काकडे पाहून हसला, आणि तिला गाडीखाली वाकून पाहायची खूण केली. तिने मान हलवली व त्याऐवजी हातातली काठी मागच्या चाकाकडे रोखून मला म्हणाली, “पाटे बघ रे. किती आहेत?”

याचा खुलासा केला पाहिजे. आमचे वडील एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर पहिली गाडी सुटली, आणि त्यानंतर काही वर्षांतच ते नोकरीला लागले. आमच्या घरात ‘पाटे’ हा शब्द पोळपाटाइतकाच रोजचा. ट्रकच्या मागच्या आसाखाली पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, एकावर एक रचलेली, खालची आखूड, वरची लांब, ते पाटे. वडील संध्याकाळी सांगत, आज अमक्या गाडीचे पाटे बसले, आज तमक्या गाडीचा पाटा तुटला. हजारो मैलांवर, लाख-दीड लाखाचा संगणक ज्याच्या पोटात आहे अशा या गाडीच्या मागेही तेच पाटे! फक्त पुढच्या बाजूला गुंडाळी स्प्रिंग.

पाट्यांना म्हाताऱ्याने हात लावू दिला नाही. त्याचे म्हणणे असे. वजन नेहमी लादणार असाल तर एखादी पट्टी वाढवा; पण चार माणसे एकदाच जाणार आणि बाकी वर्षभर हौदा रिकामा असणार, तर पट्टी वाढवून गाडी कडक होईल आणि रिकामी असताना मागून उडेल. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने कोकणचा घाट उतरला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. तोच न्याय बसण्याच्या जागेचा. मागच्या आसाच्या जितके जवळ बसाल तितके वर फेकले जाल. म्हणून आक्काची जागा पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची, हे तिथेच ठरले, आणि मी मागे, हेही.

मग गाडी उचलण्याचा प्रश्न आला. इथे म्हाताऱ्याने जमिनीवर खडूने दोन वर्तुळे काढली आणि मधून एक आडवी रेघ. रेघ म्हणजे मागचा आस, त्याच्या मध्यावर गियरांचा गोळा. गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो हा गोळा. आता स्प्रिंगा उंच करून गाडी तीन इंच उचलली तर उचलते काय? वरची बॉडी. गोळा होता तिथेच राहतो, कारण तो चाकांवर उभा आहे, स्प्रिंगांवर नाही. तो वर न्यायचा तर चाकच मोठे हवे. आणि चाक दोन इंचांनी मोठे केले तर गोळा एकच इंच वर जातो. इतकी साधी भूमिती, पण माणसे तीन हजार डॉलर खर्चून जमिनीपासून उंच बसतात आणि गोळा दगडावर आपटून घेतात.

उचलण्याला काही अर्थच नाही असे नव्हे. बॉडी उंच झाली की मोठ्या चाकांना जागा होते, चढावर नाक आणि उतारावर शेपटी घासत नाही. मोआबच्या खडकांवर किंवा रुबिकॉनच्या धोंड्यांवर चढणाऱ्यांना ते लागते. पण त्याची किंमत बिलाबाहेरही द्यावी लागते. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर ती झुकते, पुढच्या आसाचे सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि लौकर झिजतात, चाकांची रेषा जुळवायला पुढचे वरचे बाहू बदलावे लागतात. तेहतीस इंची चाक वळवताना मडगार्डला घासते, मग मागचे लोखंड कापायचे. एका खर्चाच्या पोटातून दुसरा खर्च निघतो, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आत चढायला शिडी लागते ती वेगळीच.

बंपर, विंच आणि तंबू यांचा निकाल एका चिठ्ठीने लावला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. गाडीवर माणसे व सामान मिळून किती भार चालेल ते तिच्यावर छापलेले असते. या गाडीवर सुमारे अकराशे पौंड होते. ट्रक म्हटल्यावर आपल्याला वाटते पोतीच्या पोती टाकावीत. हिशेब मांडला. चार माणसे सहाशे, पंधरा गॅलन पाणी सव्वाशे, अंथरुणे, शिधा, हत्यारे आणि आमच्या सौ.ची ‘असू दे’ म्हणून घेतलेली पिशवी मिळून दोनशे. उरले पावणेदोनशे. पोलादी बंपर आणि विंच यांतच ते संपतात, तंबू उघड्यावर पडतो. भाच्याचा चेहरा पाहवेना. दिव्यांच्या माळेबद्दल म्हातारा काहीच बोलला नाही, नुसता सूर्याकडे बोट दाखवून हसला.

राहिले दोन : शॉकअप आणि टायर. या दोघांचे आपसात पटत नव्हते.

आधी शॉकअपचे सांगतो. पुष्कळांची समजूत अशी, की धक्का शॉकअप झेलतो. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण तिचा स्वभाव असा की झेललेले ती परत करते. गाडी खड्ड्यातून निघाली की वर, खाली, वर, खाली करीत राहते. ही उसळी मोडण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते, दट्ट्या ते बारीक भोकांतून रेटतो, आणि गाडीची नाचण्याची शक्ती तेलाच्या उष्णतेत मुरते. शहरात हे ठीक. पण पन्हळी रस्त्यावर दर दोन-तीन फुटांना एक वरवंटा, असे सत्तावीस मैल. तेल तापते, त्याला फेस येतो, आणि फेसातून दट्ट्या लोण्यातून सुरी जावी तसा जातो. मग चाक रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त. म्हणून अशा रस्त्यासाठी एकनळी शॉकअप घेतात. त्यात तेलाच्या मागे दाबाखालचा नायट्रोजन कोंडलेला असतो, तो फेस होऊ देत नाही. बिलस्टाइन, फॉक्स अशी त्यांची घराणी आहेत. ऑस्ट्रेलियातले एक नाव तर ‘ओल्ड मॅन इमू’. इमूआजोबा! आक्काला हे नाव फार आवडले, आणि त्याच नावासाठी तेच घ्यावेत असे तिला वाटू लागले. गाडीचे मूळचे शॉकअप सत्तर हजार मैल चाललेले, एकाच्या अंगावर तेल ओघळलेले. चारही बदलायचे ठरले, बिलस्टाइनचे, गाडी अर्धा इंचही न उचलता. मजुरी आणि चाकांची रेषा जुळवून घेणे धरून हजाराच्या आसपास गेले.

हे पन्हळी वरवंटे येतात कुठून, असा प्रश्न मला पडला होता. २००७ साली टोरोंटो, केंब्रिज आणि फ्रान्समधल्या पदार्थवैज्ञानिकांनी वाळूच्या गोल फिरत्या थाळीवर एक चाक ठेवून पाहिले. एका ठरावीक वेगाच्या वर चाक गेले की वाळूवर आपोआप लाटा उठू लागतात. चाकाला स्प्रिंग असो-नसो, चाकाऐवजी नुसता फाळ असो, लाटा उठतातच. त्या वेगाखाली वाळू सपाट राहते. पण तो वेग इतका कमी, की कोणताही मोटारवाला तेवढ्या धीराने जाणार नाही. म्हणजे रस्त्याने येणारा प्रत्येकजण पुढच्याची कंबर मोडायची तजवीज करून जातो. आक्का म्हणाली, हे शाळेत शिकवायला हवे होते.

आता टायर. टायरच्या अंगावर २६५/७०आर१६ असे काहीतरी लिहिलेले असते. २६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ७० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा सत्तर इतकी बाजूच्या भिंतीची उंची. १६ हा इंचांत रिंगेचा व्यास. या आकड्यांच्या मागेपुढे जी अक्षरे असतात त्यांत खरी मेख आहे. भाच्याच्या टायरवर ‘पी’ होते, म्हणजे प्रवासी मोटारीचा. त्याची भिंत पातळ, चाल मऊ. ‘एलटी’ लिहिलेला तो हलक्या ट्रकचा. त्यातही ‘ई’ वर्गाचा असेल तर त्याला दहा पदरी म्हणतात. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे खरोखरीच दहा पदर असत. आता धागे इतके मजबूत झाले की दोन-तीन पदरांत ते बळ येते, पण मोजण्याची भाषा तीच राहिली. आणे जाऊन किती वर्षे झाली, तरी आपण सोळा आणे खरे म्हणतोच की.

रेसट्रॅकच्या रस्त्यावर टायर फुटतो तो बहुधा तळव्यातून नव्हे, बाजूने. धारदार खडा भिंतीला चिरतो, आणि भिंतीच्या चिरेवर पंक्चरचे ठिगळ चालत नाही, टायर फेकावाच लागतो. म्हणून जाड भिंतीचा दहा पदरी टायर हवा. पण जाड भिंत म्हणजे कडक चाल. दर टायर आठ-दहा पौंडांनी जड, पेट्रोल जास्त, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. टायर मऊ घ्यावा तर वाळवंटात अडकण्याची भीती, कडक घ्यावा तर आक्काची कंबर. भाचा आणि म्हातारा अर्धा तास घोळत होते. सहा पदरी ‘सी’ वर्गाचा मधला मार्गही निघाला. इतक्या वजनाच्या गाडीला एरवी तोच बरा, असे म्हाताऱ्याचे मत होते. पण रस्त्याचे नाव ऐकून त्याने स्वतःच मान हलवली.

निकाल दिला तो आक्काने. “आण्णा काय करायचे? कच्च्या रस्त्याला हवा कमी करायचे.” आण्णा म्हणजे वडील. मी तिचे म्हणणे इंग्रजीत सांगितले तेव्हा म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याशी हस्तांदोलन केले, काळ्या हाताने.

हवा हा फुकटचा शॉकअप आहे. हमरस्त्यावर या टायरात छत्तीस पौंड हवा ठेवायची. डांबर संपले की ती पंचविसावर आणायची. टायर थोडा बसतो, जमिनीवरचा त्याचा तळवा लांबतो, आणि बारीक खडे तो स्वतःच गिळतो. गाडीपर्यंत येऊ देत नाही. मात्र याहून खाली गेले तर भिंत बाहेर फुगते आणि नेमकी खड्यांच्या तोंडी जाते. वाळूत पंधरा पौंडांवर चालवणारे आहेत, धारदार खडीवर तो उद्योग करू नये. हवा कमी केली की वेगही कमी ठेवायचा, नाहीतर टायर तापतो. आणि परत डांबर लागले की हवा भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप बरोबर हवा.

पाच टायर घेतले. पाचवा स्टेपनीसाठी. (हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या दोघा भावांनी जादा चाक विकायला काढले. इंग्रजांच्या देशात तो शब्द मेला, आपल्याकडे मात्र रिक्षावाल्याच्या तोंडीही जिवंत आहे. कॅलिफोर्नियात ‘स्टेपनी’ म्हटले तर कोणालाही कळत नाही.) भाच्याची जुनी स्टेपनी हौद्याच्या पोटाखाली टांगलेली होती आणि २०१९ पासून तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. टायर केव्हा बनला हे त्याच्या भिंतीवरच्या चार आकड्यांवरून कळते. १२१९ असेल तर २०१९ सालचा बारावा आठवडा. वाचकांनी आपल्या गाडीचे हे चार आकडे आजच पाहून ठेवावेत. तळवा कोरा दिसला तरी रबर म्हातारे होते.

टायर तेराशे, पंप दीडशे, पंक्चरचे सामान, फावडे आणि जॅकखाली ठेवायची फळी शंभर. सूनबाईंच्या हाती साडेचारशे डॉलर परत आले. त्यांनी ते दोनदा मोजले.

२०२५ च्या मार्चमध्ये आम्ही निघालो. एक मुक्काम स्टोव्हपाइप वेल्सला केला, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली आणि पहाटे उबेहेबेला पोहोचलो. हे विवर पाऊण किलोमीटर रुंद आणि सहाशे फूट खोल. काठावर वाऱ्याने उभे राहवत नाही. आक्काने ते मन लावून पाहिले. एरवी तासभर थांबली असती, पण त्या दिवशी तिचे लक्ष पुढे होते. डांबर संपले तिथे भाच्याने चाकांची हवा सोडली आणि आक्काने ताप मोजावा तशी दर चाकाशी मापकाची नळी धरली. पंचवीस, पंचवीस, सव्वीस. “याची अजून सोड.” पंचवीस.

रस्त्याची कीर्ती खोटी नव्हती. पहिल्या मैलात डब्यातल्या चिवड्याचे पोहे आणि दाणे वेगळे झाले. काही लोक म्हणतात, अशा रस्त्यावर चाळीस मैलांच्या वेगाने जा म्हणजे चाके वरवंट्यांच्या माथ्यांवरून तरंगत जातात. तरंगतात खरी, पण तरंगणारे चाक वळत नाही आणि थांबतही नाही. आम्ही पंधरा-वीस मैलांच्या वर गेलो नाही. मागच्या बाकावरून मला गाडीचा ताल ऐकू येत होता. तो शेवटपर्यंत एकसारखा राहिला, म्हणजे शॉकअपच्या तेलाला फेस आला नव्हता. आक्का डोळे मिटून बसली होती. दर दहा मिनिटांनी भाचा विचारी, “आई, दुखतंय का?” आणि ती म्हणे, “रस्त्याकडे बघ.” वाटेत जोशुआची झाडे लागली, आपल्या निवडुंगाला हात फुटावेत तशी.

विसाव्या मैलाच्या सुमारास टीकेटल जंक्शन नावाचा फाटा येतो. तिथल्या पाटीवर येणारे-जाणारे चहाच्या किटल्या टांगून जातात, त्यांवर नावे लिहितात. एक ॲल्युमिनियमची तर थेट आपल्या स्टेशनवरच्या चहावाल्याच्या हातची वाटली. पाटीच्या खाली एक भाड्याची शहरी मोटार उभी होती, मागचे डावे चाक पूर्ण बसलेले. एक तरुण जोडपे, पोरसवदाच, दोन तास तिथे होते. चाकाची भिंत बोटभर चिरली होती. त्यांची स्टेपनी म्हणजे मोटारीतली ती सायकलसारखी बारीक, नावापुरती. आमच्या पंक्चरच्या सामानाचा उपयोग नव्हता. भाच्याने फळी ठेवून, जॅक लावून ते बारीक चाक चढवून दिले, त्यात आमच्या पंपाने हवा भरली, आणि त्यांना सांगितले की आता मागे फिरा, चालण्याच्या वेगाने. दगड सहा-सात मैलांवर राहिले होते. ती मुलगी रडवेली झाली. आक्काने तिला दोन गॅलन पाणी आणि बेसनाचे लाडू दिले. त्या गाडीची धूळ दिसेनाशी होईपर्यंत भाचा आपल्या टायरांकडे पाहत होता.

रेसट्रॅक आधी वरून दिसतो, भुऱ्या परातीसारखा. मध्ये काळ्या खडकाचे एक बेट, त्याला ग्रँडस्टँड म्हणतात. दगड मात्र दक्षिण टोकाला, आणखी दोन मैल. तिथे गाडी लावून पुढे पायी जायचे. ‘ऑफ-रोड’ म्हणून जी सामग्री जगभर विकली जाते ती लावून इथे रस्ता सोडला तर तो गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानात चाक रस्त्यावरच राहिले पाहिजे. २०१६ साली कोणीतरी या तळ्यावर गाडी घातली आणि मैलच्या मैल चाकोऱ्या उठवून ठेवल्या. ओल्या चिखलात तर पायही टाकू नये, एकेका ठशाला पुसायला वर्षे लागतात. त्या दिवशी जमीन कोरडी, खडखडीत होती, हजारो षटकोनी तुकड्यांत तडकलेली.

आक्का काठी टेकीत पाऊण तास चालली. पहिला दगड लागला तो दूधभांड्याएवढा, त्याच्या मागे तीसेक पावलांची चाकोरी. ती तिथे उभी राहिली आणि तिने मला तास घेतल्यासारखे सांगितले. डिसेंबर २०१३. रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस, चुलतभाऊ. उद्यानातल्या दगडांना भोके पाडायची परवानगी नाही, म्हणून त्यांनी बाहेरून पंधरा दगड आणले, त्यांत ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसवली आणि दोन वर्षे वाट पाहिली. पाऊस पडून तळ्यावर चार बोटे पाणी साचते. रात्री ते वरवर गोठते, तीन ते सहा मिलिमीटर, खिडकीच्या काचेइतके. सकाळी उन्हाने ती काच फुटते, मोठमोठे तुकडे होतात, आणि मंद वारा आला की ते तुकडे दगडांना मागून रेटतात. मिनिटाला दोन ते पाच मीटर. “इतकं सावकाश,” आक्का म्हणाली, “की शेजारी उभं राहिलं तरी कळायचं नाही. आम्ही मुलांना वादळी वारा म्हणून सांगत होतो.” मग तिने पदराने तोंड पुसले आणि पुढच्या दगडाकडे निघाली. एकूण अकरा पाहिले. बाराव्यापर्यंत जायला भाच्याने नाही म्हटले.

परत उबेहेबेला यायला पुन्हा दोन तास. उन्हे कलली होती. पंपाने चार चाके भरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढ्यात मी टायर फिरून पाहिले. मागच्या उजव्याच्या भिंतीवर वीतभर लांब पांढरा ओरखडा होता, नखाने खोल लागेल इतका. हवा मात्र तसूभर कमी झाली नव्हती. भाच्याने त्याचा फोटो काढून सूनबाईंना दाखवायला ठेवला. आक्का कमरेखाली उशी घेऊन पुढच्या सीटवर चहा पीत होती.

“पाटे पाहिलेस का?” तिने खिडकीतून विचारले.

भाचा सदरा वर खोचून गाडीखाली सरपटला. बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरला. “सगळे जागेवर आहेत, आई,” आतून आवाज आला. तेव्हा तिने पेला झटकला आणि पट्टा लावून घेतला.